ससा रात्रभर पिंजरा वाजवतो, पाय आपटतो, झोपू देत नाही? आधी घड्याळ बघा

बुंदी आमच्याकडे आली तेव्हा साधारण पाच महिन्यांची होती. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला, पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात. पहिले तीन दिवस नुसती कोपऱ्यात बसून होती, आम्हाला वाटलं काय गुणी बाळ आहे, आणि चौथ्या रात्रीपासून पिंजऱ्याच्या तारा दातांत धरून खडखड खडखड जे सुरू झालं ते तीन महिने थांबलं नाही. मध्येच मागचे पाय जमिनीवर धाडकन आपटायची, इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात थांबवून विचारलं, अगं रात्री दोनला तुमच्याकडे काय कुटतात?

तेव्हा ज्याला विचारावं तो तीनच उपाय सांगायचा आणि आम्ही तिन्ही करून बसलो, म्हणून पहिल्यांदा तेच सांगते की हे करू नका. एक म्हणजे पिंजऱ्यावर चादर टाकणे. सशाला सगळं ऐकू येत राहतं पण दिसत काही नाही, त्यामुळे तो जास्तच घाबरतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात आत कोंडून गरम होतं ते वेगळंच. दुसरं, गप्प बसावी म्हणून उठून गाजराचा तुकडा देणे. दोन रात्रींत ती शिकली की तारा वाजवल्या की गाजर येतं, मग का नाही वाजवणार? तिसरं, रात्री बाल्कनीत नेऊन ठेवणे. हे सगळ्यात वाईट, त्याबद्दल पुढे सांगते.

आमचा प्रश्न सुटायला सुरुवात झाली ती एका वहीमुळे. माझ्या नवऱ्याने वैतागून फ्रीजवर एक वही लटकवली आणि ठरवलं की ज्याला जाग येईल त्याने फक्त वेळ लिहायची आणि आवाज कसला ते लिहायचं, तारांचा की पाय आपटल्याचा की खरवडल्याचा. दहा दिवसांनी बघितलं तर एक आवाज नव्हताच तो, चार वेगवेगळे होते, त्यातले तीन ठरावीक वेळांना, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. त्यामुळे काहीही बदलायच्या आधी एक आठवडा नुसत्या वेळा लिहा, खरंच सांगते.

त्याआधी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सोपं जातं. मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. आपल्या माळरानावर, उसाच्या शेताकडेला गाडीच्या उजेडात पळताना दिसतो तो रानससा, तो बीळ करत नाही, गवतात उघड्यावर दबून बसतो. (तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याची पिल्लं सापडली तरी घरी आणायची नाहीत.) आणि दुकानात मिळतो तो पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या सशांचा वंशज, ते जमिनीखाली बिळांचं जाळं करून कळपाने राहतात. म्हणजे आपला ससा एकटा, उघड्यावर, चारी बाजूंनी तारांतून सगळं दिसतंय अशा जागी ठेवला तर त्याच्या दृष्टीने तो रात्रभर उघड्यावर पडलेला असतो, लपायला बीळ नाही आणि सोबतीला कोणी नाही. दुसरी गोष्ट, ससा पूर्ण निशाचर नसतो, तो संध्याकाळी दिवेलागणीला आणि पहाटे सगळ्यात जास्त जागा असतो, दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास लोळतो. म्हणजे आपण ऑफिसातून येऊन दमून बसतो तेव्हा त्याचा दिवस उगवतो. त्याला माणसासारखं दहा ते सहा झोपवता येणार नाही, पण त्याचा दंगा आपल्या झोपेआधी उरकून घेता येतो.

आता वेळा.

रात्री साडेदहा ते एकच्या मध्ये तारा चावणं, ट्रे उलटणं, वाटी आपटणं असं असेल तर नव्वद टक्के वेळा तो न वापरलेला दम असतो. बुंदी दिवसभर दोन बाय दीड फुटाच्या पिंजऱ्यात, संध्याकाळी आम्ही अर्धा तास बाहेर काढायचो आणि टीव्ही बघायला बसायचो. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी सांगते ती जागा 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1 मीटर उंच, आणि ती चोवीस तास मोकळी हवी. आमचा हॉलच केवढा! पण आकडा बघून एवढं कळलं की दुकानदाराने दिलेला पिंजरा हे घर नव्हेच, तो फार तर डॉक्टरकडे न्यायचा डबा. मग आम्ही पिंजऱ्याचं दार कायमचं काढून टाकलं आणि भोवती लोखंडी पट्ट्यांचं घडीचं कुंपण लावलं, कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं तसलं, उंची निदान अडीच-तीन फूट घ्या नाहीतर उडी मारतात. संध्याकाळी सात ते साडेनऊ ती पूर्ण हॉलमध्ये मोकळी. चार्जरच्या वायरी आधी प्लास्टिकच्या पाइपात घाला, कारण लोंबणारी वायर सशाला मुळासारखी वाटते आणि तो एका चाव्यात तोडतो. गुळगुळीत टाइल्सवर ससे पळत नाहीत, पाय घसरतात, त्यामुळे जुनी सतरंजी, गोणपाट, फोमची मॅट काहीही अंथरा. यानेच खालच्या काकूंचाही प्रश्न सुटला, पाय आपटला तरी आवाज खाली जात नाही.

आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते झोपायच्या वेळेचं गवत. सशाच्या खाण्यात मोठा वाटा सुक्या गवताचा हवा, पाचातले चार हिस्से धरा, आणि ते त्याच्यासमोर चोवीस तास हवं, कारण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळण्यानेच झिजतात, शिवाय त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. आम्ही दुकानातले रंगीबेरंगी दाणे वाटीभर टाकायचो, ती पाच मिनिटांत संपवायची आणि मग रात्रभर तोंडाला काम नाही, म्हणून तारा! आता दाणे (साधे एकसारखे पेलेट्स, रंगीत मिक्स नाही) वजनाच्या किलोमागे वीस-पंचवीस ग्रॅम, ते संध्याकाळी, आणि रात्री दहाला सशाच्या अंगाएवढा सुक्या गवताचा ताजा गठ्ठा. टिमोथीचं गवत (सशांसाठी वाळवून विकतात ते परदेशी गवत) ऑनलाइन मिळतं, महाग पडतं, मग आम्ही फवारणी नसल्याची खात्री असलेली हरळी आणून सावलीत वाळवतो आणि दोन्ही मिसळतो. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार असतं, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना चालतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, टॉयलेट रोलच्या नळीत गवत ठासून द्या, उपसून काढण्यात त्यांचा तासभर जातो. पोळीचा तुकडा, भात, बिस्कीट मात्र कितीही मागितलं तरी नाही. आजी-आजोबा प्रेमाने देतात, पण पोट त्यानेच बिघडतं.

मध्यरात्रीनंतर, एक ते चारमध्ये, सगळं शांत असताना अचानक धाडकन पाय आपटला, थोडं थांबून परत आपटला, ससा ताठ, कान उभे, असं असेल तर तो दंगा नाही, तो इशारा आहे. बिळात राहणारे ससे बाकीच्यांना सावध करायला असेच आपटतात, म्हणजे त्याच्या हिशेबाने तो तुम्हालाच सांगतोय की काहीतरी आलंय. यावर ओरडू नका. उठा, मंद दिवा लावा (भसकन ट्यूब लावली तर अजून दचकतो), हळू आवाजात बोला आणि मग खरंच शोधा काय आलं ते, कारण बहुतेकदा काहीतरी असतंच. आमच्या वहीत दोन ते अडीचमध्ये सात वेळा पाय आपटल्याची नोंद होती आणि एका रात्री मी जागी राहिले तर ड्रेनेजच्या पाइपावरून उंदीर बाल्कनीत येऊन सांडलेले पेलेट्स खात होता! पेलेट्स डब्यात गेले, बाल्कनीच्या फटी बुजवल्या आणि त्या नोंदी बंद झाल्या.

पण उंदरासाठी आम्ही त्याआधी एक भलताच उद्योग केला होता, तो इथे सांगायलाच हवा, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. प्लगमध्ये लावायचं ते उंदीर पळवायचं यंत्र मिळतं ना, माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचं, ते आम्ही हॉलमध्ये लावलं. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि सशाला 42 किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत, म्हणजे जो आवाज आपल्यासाठी नाहीच तो त्याच्या कानात रात्रंदिवस चालू. ते लावल्यापासून बुंदी हॉलच्या त्या बाजूला फिरकायचीच बंद झाली, सतत कान मागे, जरा खुट्ट झालं की पाय आपटणार. काढून टाकलं आणि तीन दिवसांत फरक दिसला. तुमच्याकडे असलं काही लावलेलं असेल, किंवा ससा नेमका एखाद्या अडॅप्टरच्या, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवला असेल, तर आधी ते लांब करून बघा. डासांच्या कॉइलचा धूरही त्याच्या खोलीत नको, सशाची फुप्फुसं फार नाजूक असतात, त्यापेक्षा कुंपणावरून मच्छरदाणी टाका, फक्त तिची कड त्याच्या दाताला लागणार नाही अशी बांधा.

भीतीवर आणखी एक साधा उपाय म्हणजे बीळ देणे. पुठ्ठ्याचं मोठं खोकं, त्याला दोन दारं कापायची, दोनच, एक नाही, कारण एकच दार असलं तर त्याला आत अडकल्यासारखं वाटतं. बुंदी आता रात्री बहुतेक वेळ त्या खोक्यातच असते. आणि एक रोजचा क्रम ठेवा, आमचा असा की गवत, पाणी, ट्रे साफ, डोक्यावरून हात, मोठा दिवा बंद, हे रोज त्याच क्रमाने, आठवड्याभरात तिला कळायला लागलं की आता घर निजणार.

पहाटे साडेचार ते सहा. हा दोष बहुतेक घरात आपलाच असतो. त्याची जागं व्हायची ती वेळच आहे, तो हिंडणार, गवत खाणार, तेवढं ठीक, पण तारा वाजवून आपल्याला उठवत असेल तर आठवून बघा, उठल्यावर तुम्ही पहिलं काय करता? आम्ही डोळे चोळत जाऊन कोथिंबीर द्यायचो. मग कोथिंबीर, मेथी वगैरे पाला आम्ही संध्याकाळी हलवला आणि सकाळी उठल्या उठल्या त्याच्याकडे न जाता आधी चहा, आंघोळ, मग ससा. पहिले चार-पाच दिवस आवाज वाढतो, तेव्हा मन घट्ट ठेवायला लागतं. एकदा जरी मध्ये उठून दिलंत तर परत पहिल्यापासून. मात्र पाणी आणि गवत आहे ना हे झोपताना बघितलेलंच असलं पाहिजे, उपाशी ठेवून शिकवायचं नाही. पाणी बाटलीपेक्षा जड चिनी मातीच्या वाटीत द्या, उलटत नाही, नळीच्या गोळीचा टकटक आवाज नाही आणि ससा पाणीही जास्त पितो. याच सुमाराला तो वाकून आपल्या बुडाशी तोंड नेऊन काहीतरी खाताना दिसला तर घाबरू नका, सशाच्या नेहमीच्या गोल लेंड्यांशिवाय मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या असतात त्या तो थेट खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, ते थांबवायचं नसतं.

चौथा प्रकार वेळेला बांधलेला नसतो. रात्रभर पायांभोवती गोल गोल फिरणं, घुं घुं असा आवाज, जागोजागी मुतणं, कोपरा खरवडत राहणं, ससा चार महिन्यांच्या पुढचा. हे हार्मोन्स. इथे गवत, खोकं कशानेही पूर्ण थांबत नाही, नसबंदी करावी लागते, नराची साधारण चार महिन्यांनंतर, मादीची सहाच्या आसपास. मादीसाठी तर रात्रीच्या झोपेपेक्षा मोठं कारण आहे, नसबंदी न केलेल्या सशिणींना वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार जास्त असतं. पण डॉक्टर सशांची ऑपरेशन्स नियमित करणाराच शोधा, दहा जणांना विचारा, लांब जावं लागलं तरी जा. एक खूण सांगते, आम्हाला एका ठिकाणी सांगितलं की आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, कुत्र्या-मांजरांना सांगतात तसं. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट उपाशी राहिला तर आतडं थांबतं. आम्ही तिथून परत आलो आणि दुसरीकडे केलं. महिन्याभरात बुंदीचं गोल फिरणं गेलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे ज्या रात्री आवाजच येत नाही ती रात्र. आमच्या वहीत एक पान कोरं आहे. आम्ही खुश होऊन झोपलो आणि सकाळी सहाला बघितलं तर बुंदी कोपऱ्यात पाठ गोल करून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, रात्रीचं गवत जसंच्या तसं आणि ट्रेमध्ये एकही लेंडी नाही. दात करकर वाजत होते. (लाडात आल्यावरही दात हलके वाजतात, पण ते मंद असतं, दुखण्याचं करकरणं मोठं आणि तुटक असतं.) आतडं थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. तेव्हापासून नियम असा की दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या नाहीत तर ती इमर्जन्सी समजायची, सकाळ व्हायची वाट बघायची नाही, घरगुती औषध द्यायचं नाही. रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरचा नंबर आजच सेव्ह करून ठेवा, कारण प्रत्येक दवाखाना ससे बघत नाही आणि रात्री दोनला शोधत बसायची ती वेळ नसते. झोपायच्या आधी ट्रे साफ करायचा तो यासाठीच, सकाळी कळतं रात्रभरात किती लेंड्या झाल्या.

बाहेर, अंगणात ठेवणाऱ्यांसाठी. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे रात्री ससा घरातच हवा. माझ्या मावशीचं नाशिकजवळ घर आहे, अंगणात दोन ससे होते, एका सकाळी एक मेलेला सापडला, अंगावर ओरखडाही नाही. वरच्या पत्र्यावरच्या धुळीत बोक्याच्या पंजांचे ठसे होते. बोका आत गेलाच नव्हता, तो नुसता वर बसला होता. ससा भीतीनेही मरतो, हे मावशीला तेव्हा कळलं आणि ती अजून त्याबद्दल बोलताना गप्प होते. बाल्कनीचंही तेच, तिथे मांजर येते आणि लपायला जागा नसते.

तरी बाहेरच ठेवायचा असेल तर कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, कुत्रा ती फाडतो आणि घूस कुरतडून वाट काढते, अर्धा इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची चौकोनी जाळी) लावा. खुराडं जमिनीपासून दोन-अडीच फूट वर, पण तळ जाळीचा नको, पायाचे तळवे सोलून निघतात, फळी आणि वर जाड गवत. आत एक बंद लाकडी पेटी पाहिजेच जिथून त्याला बाहेरचं काही दिसणार नाही. साधी कडी पुरत नाही, बोल्ट आणि कुलूप. पत्र्यावर पावसाचा ताशा वाजतो आणि उन्हाने तो तापतो, म्हणून वर पेंढा किंवा गोणपाटाचा जाड थर. थंडीत निफाडकडे पारा दहाच्या खाली सहज जातो, पण कोरडी थंडी ससा सोसतो, ओल आणि वारा नाही, तेव्हा वाऱ्याची बाजू बंद आणि पेटीत कोरडा पेंढा भरपूर. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, वास जरी कुबट आला तरी फेकून द्या, आणि रोज संध्याकाळी त्याचं बूड बघा, ओलं किंवा घाण असेल तर माशा तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात, हा जिवावरचा प्रकार आहे.

उन्हाळा मात्र थंडीपेक्षा वाईट. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते, तीस अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि विदर्भात मे महिन्यात रात्रीसुद्धा तेवढं असतं. रात्री अस्वस्थ, जोरजोरात श्वास, कान गरम, तर आधी उकाडा धरा. शहाबादी फरशीचा तुकडा द्या, पसरून पडतात त्यावर. मोठा माठ आडवा ठेवला तर थंडगार बीळ होतं. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी. कान ओल्या हाताने पुसा, आंघोळ घालू नका.

आणि लक्ष्मीपूजनाची रात्र, विसर्जनाचा ढोल. त्या दिवशी संध्याकाळचं मोकळं फिरणं लवकर उरकून ससा सगळ्यात आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा मोठा चालू म्हणजे आवाज दबतो, दोन खोकी, आणि घरातलं कोणीतरी त्याच खोलीत. उचलून घट्ट धरून बसू नका, तो झटका मारतो आणि पाठीचा कणा मोडू शकतो. जमिनीवर शेजारी बसा, त्याला यायचं तर येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी लेंड्या मोजा, घाबरल्यानंतर पोट बिघडायला बारा तास लागतात कधीकधी.

हे सगळं एकदम बदलू नका, तसं केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि सशालाही जागा परकी वाटते. एक बदल, चार-पाच रात्री वहीत नोंद, मग दुसरा. आम्हाला पूर्ण जमायला दोन महिने लागले. आता वहीत फक्त पहाटे पाचची एक नोंद असते, गवत चघळल्याचा आवाज, आणि तो आला की मी कूस बदलून परत झोपते.